‘आउसश्टायगर’ला मराठीत काय म्हणावं?

सायली: जर्मन लेखाचं भाषांतर चालू आहे. नवनाझी गट सोडून आलेल्यांना त्यात ‘आउसश्टायगर’ म्हटलंय. मूळ क्रियापद गाडीतून उतरण्यासाठीही वापरतात. मी ‘माजी अतिरेकी’ लिहिलं, संपादकांनी ‘पश्चात्तापदग्ध श्वेतवर्चस्ववादी’ केलं. दुसरं काही सुचतंय?

गोदाकाठ: ‘माजी’ पदाला लावतात. माजी आमदार, माजी सैनिक. त्यात मान उरतो. ‘पूर्वाश्रमीचा’ घ्या. आणि ‘जहाल’कडे वळू नका, तो शब्द टिळकांच्या गटाला चिकटलाय.

वैनगंगा: आपल्याकडे ‘आत्मसमर्पित’ रुळलाय की. गडचिरोलीत नक्षल आत्मसमर्पण योजना २००५पासून आहे.

सायली: तिथे समोर सरकार असतं, हत्यार जमा होतं. एक्झिट-डॉइचलँड ही असे गट सोडणाऱ्यांना मदत करणारी स्वतंत्र संस्था आहे. पोलीस खात्यात राहिलेले बेर्न्ट वाग्नर आणि नवनाझी गटाचा पुढारी राहिलेला इंगो हासेलबाख यांनी ती २०००मध्ये काढली. पहिला फोन गट सोडू पाहणाऱ्यानेच करायचा. मग आधी जिवाची सुरक्षितता, गरज पडली तर दुसऱ्या गावी घर, काम. गटात काय केलं, का केलं, याची उलटतपासणी बरोबरीने चालते. नुसतं येणं सोडलं म्हणून काम झालं असं ते धरत नाहीत. ‘पश्चात्तापदग्ध’ म्हटलं की शेवटची पायरी पहिल्याच दिवशी गाठल्यासारखी होते.

अनिरुद्ध: म्हणजे शब्द दोन लागतील. ‘गटत्यागी’ आणि ‘मतत्यागी’.

गोदाकाठ: असे जोडशब्द कोणी बोलत नाही. ‘बाहेर पडलेला’ साधं मराठी आहे.

मीरा: पण त्यांच्या अंगावरच्या गोंदणाचं काय? हाकेनक्रॉइत्स म्हणजे नाझी स्वस्तिक आणि एसएस या नाझी दलाच्या जोडखुणा जर्मनीत उघड मिरवणं कलम ८६अ खाली गुन्हा आहे. लेझरने काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी होते, हिरवी-पिवळी चिवट. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जातात. घाई केली तर कातडी भाजते, व्रण राहतो. म्हणजे मानेवर ८८ असलेला माणूस कामाच्या मुलाखतीला जातो तेव्हा ते बरेचदा तसंच असतं. मालकाच्या लेखी तो अजून आतच.

अनिरुद्ध: ८८ म्हणजे एच हे आठवं अक्षर दोनदा, ‘हाइल हिटलर’. तळटीप द्याच.

वैनगंगा: मला ‘माजी’तला मानच खटकतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ला एका श्वेतवर्चस्ववाद्याने गोळीबार केला, त्या दिवशी सहा जण मारले गेले. अशा चळवळीतून आलेल्याच्या हातात माइक द्यायचा?

मीरा: तिथेच मारले गेलेले गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका यांचा मुलगा परदीप आणि याच चळवळीतल्या बँडचा एकेकाळचा गायक आर्नो मायकेलिस एकत्र शाळांमध्ये बोलले आहेत. माइक कोणाला द्यायचा हे परदीपने ठरवलंय. तो हक्क त्याचा.

वैनगंगा: त्याचा, मान्य. पण प्रत्येक घर तसं म्हणेल असं धरू नये, आणि शब्दाने तर मुळीच धरू नये.

गोदाकाठ: ते राहू द्या. ‘श्वेतवर्चस्व’ की ‘गौरवर्णश्रेष्ठत्व’? वर्चस्व म्हणजे सत्ता, श्रेष्ठत्व म्हणजे समजूत. या लेखात नेमकं काय अभिप्रेत आहे?