स्मरणरंजन, सय आणि यंत्रमानव

चर्चाप्रस्ताव

माझे बालपण नाशिकच्या सिडको भागात गेले. शाळकरी वयात केबलवर पाहिलेला, ब्रॅड बर्ड यांनी दिग्दर्शित केलेला 'द आयर्न जायंट' हा १९९९ सालचा अ‍ॅनिमेशनपट आजही माझ्या विशेष आवडीचा आहे. त्यावर लेख लिहिताना 'हे निव्वळ स्मरणरंजन आहे' असे वाक्य लिहिले गेले आणि ते लगेच खटकले, कारण तो चित्रपट आठवला की मनाची करमणूक होण्याऐवजी गळा दाटून येतो. या भावनेला स्मरणरंजन म्हणता येईल का? त्यातील अजस्र लोखंडी पात्राला यंत्रमानव म्हणावे की रोबो, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

स्मरणरंजन हा शब्द नॉस्टॅल्जियाला पर्याय म्हणून रुळला असला, तरी दोन्ही शब्दांचे वजन सारखे नाही. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात ग्रीक भाषेतील 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन शब्द जोडून नॉस्टॅल्जिया हे नाव घडवले, आणि ते घडवले एका आजारासाठी, म्हणजे घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या झुरणीसाठी. कालांतराने आजार मागे पडला, पण त्या शब्दातली कळ पुरती गेली नाही. मराठी शब्दात मात्र ती मुळातच आली नाही. तेथे आले ते रंजन. त्यामुळे 'लेखक स्मरणरंजनात रमला आहे' असे समीक्षक लिहितात तेव्हा त्यात कौतुकापेक्षा टोमणाच अधिक असतो.

आता आपल्या चित्रपटाकडे पाहू. त्याची कथा १९५७ साली अमेरिकेतील मेन राज्यात घडते. स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह नुकताच आकाशात गेला आहे, आणि अणुहल्ला झाल्यास बाकाखाली कसे लपावे हे शाळेतील मुलांना फिल्म दाखवून शिकवले जात आहे. म्हणजे १९९९ साली चित्रपट करणारे लोकच मागे वळून १९५७ कडे पाहत होते, आणि आपण आता मागे वळून त्यांच्या त्या पाहण्याकडे पाहत आहोत. ज्या काळाकडे ते पाहत होते तो सुंदर रंगवलेला असला, तरी त्याच्या डोक्यावर बॉम्बचे सावट आहे. अशा कलाकृतीच्या आठवणीला रंजन म्हटले, तर तिचा निम्मा भाग गळून पडतो.

मग पर्याय कोणता? स्मरणव्याकूळता अर्थाच्या जवळ जाते, पण हा शब्द बोलताना कोणाच्या तोंडी ऐकू येणार नाही. मराठी माणूस अशा वेळी नामापेक्षा क्रियापदाचा आधार घेतो: मन हळवे होते, जीव कासावीस होतो, सय येते. यांतला सय हा शब्द मला येथे विशेष योग्य वाटतो. सय सहसा माणसाची येते, माहेरची येते. वस्तूची क्वचित येते. भंगाराच्या आवारात बसून लोखंड खाणारा तो अवाढव्य देह ज्यांना वस्तू वाटतच नाही, त्यांनी त्याची सय येते असे खुशाल लिहावे. (अंबड लिंक रोडवरचा जुना भंगार बाजार पाहत वाढलेल्या नाशिककराला ते आवार परके वाटले असेल, असे मला वाटत नाही.)

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. रोबो हे रोबोट या शब्दाचे आपल्याकडे रुळलेले रूप आहे. रोबोट हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला आणि तो त्यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपली वेठ. गंमत म्हणजे चापेक यांचे रोबोट धातूचे नव्हतेच. ते सजीवासारख्या द्रव्यापासून घडवलेले होते. मराठीत यंत्रमानव हा शब्द करताना वेठ सुटली आणि यंत्र आले.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या यंत्राला सगळे रोबो म्हणतात, आणि तेच बरोबर आहे, कारण त्या एकट्या हातात मानव शोधावा असे काही नसते. चित्रपटातील पात्राची गोष्ट वेगळी आहे. ते शस्त्र म्हणून घडवले गेले आहे. समोर बंदूक दिसली, अगदी खेळण्यातली असली, तरी त्याच्यातले शस्त्र आपोआप जागे होते, आणि आपण बंदूक नाही असे ते स्वतःच ठरवते. येथे यंत्र आणि मानव हे दोन्ही घटक आपापल्या जागी अर्थपूर्ण आहेत, म्हणून येथे यंत्रमानवच लिहावे. टेड ह्यूज यांच्या ज्या १९६८ सालच्या पुस्तकावर चित्रपट बेतला आहे, त्याच्या 'द आयर्न मॅन' या मूळ शीर्षकाचे शब्दशः भाषांतर करायचा मोह होईल, पण लोहपुरुष म्हटले की मराठी वाचकासमोर सरदार पटेल उभे राहतात.

प्रतिसाद ३

यंत्रमानव मान्य आहे. सय मात्र लेखाच्या गद्यात जपून वापरावी असे मला वाटते. ओवीत आणि घरच्या बोलण्यात ती शोभते, परंतु दर परिच्छेदात आली तर कृत्रिम वाटेल. शिवाय ती यंत्रमानवाची येईल, चित्रपटाची नाही. चित्रपटाविषयी लिहायचे तेव्हा 'तो आठवला की मन हळवे होते' एवढे पुरे आहे. आणि प्रस्तावकांच्या वाक्यातला खरा अडथळा मला स्मरणरंजनापेक्षा 'निव्वळ' या शब्दात दिसतो. तो काढला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.