रामोजी फिल्म सिटी : सेट रंगवण्यात हयात गेलेल्या माणसाला तिथे काय दाखवावे?

मंगळवारपेठकर :

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी कोल्हापुरातल्या स्टुडिओंमध्ये सेटच्या रंगकामावर बरीच वर्षे काढली. लाकडी चौकटीवर कापड ताणून ठोकायचे, त्यावर सरस (चिकटवण्याची खळ) कालवलेला रंग चढवायचा आणि रंग ओला असतानाच गोणपाटाचा बोळा फिरवून काळ्या दगडाचा भास आणायचा, हे त्यांचे काम होते. आजही मालिकेत एखादा वाडा दिसला की त्यांचे कथेवरचे लक्ष उडते आणि "चिऱ्याचा सांधा चुकलाय बघ" असे ते हमखास म्हणतात.

गुडघे साथ देतात तोवर हैदराबादची रामोजी फिल्म सिटी बघायची, असे त्यांनी मनाशी घेतले आहे. डिसेंबरात आई, वडील, मी आणि पाचवीतला मुलगा असे चौघे जाणार आहोत. येथील एका सहल कंपनीने जो कार्यक्रम दिला आहे, त्यात रामोजीसाठी अर्धाच दिवस ठेवला असून उरलेल्या वेळात चारमिनार आणि गोवळकोंडा आहे. अर्धा दिवस पुरेल का? प्रत्यक्ष चित्रीकरण पाहायला मिळते का? आणि तिथे पाळणे आणि नाचगाणीच अधिक आहेत, असे जे ऐकू येते ते खरे असेल, तर वडिलांसारख्या माणसाला एवढ्या लांब नेण्यात अर्थ आहे का?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली :

अर्ध्या दिवसाचा बेत कृपया आजच रद्द करावा. त्या जागेचा विस्तार सुमारे १६६६ एकर आहे आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. शिवाय ती हैदराबाद शहरात नसून शहराच्या पूर्वेस विजयवाड्याच्या रस्त्यावर साधारण ३० किलोमीटरवर आहे. त्यामुळे चारमिनारजवळ उतरून "जरा जाऊन येऊ" म्हणणाऱ्याचा निम्मा दिवस रस्त्यातच संपतो.

आपण स्वतःची गाडी नेणार असाल, तर मिरज, मंगळवेढा, सोलापूर आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ६५ असा सुमारे ५५० किलोमीटरचा प्रवास आहे. पाटणचेरूच्या अलीकडे मुत्तंगी येथे हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर चढावे आणि पेद्दा अंबरपेटला उतरावे, म्हणजे शहरातली गर्दी पूर्णपणे टळते आणि फिल्म सिटी तिथून अगदी जवळ येते. सोलापूरला एक मुक्काम केल्यास वडीलधाऱ्यांना सोसेल.

सकाळी नऊच्या सुमारास आत शिरावे. तिकीटघरापासून मुख्य भागापर्यंत त्यांच्याच बसने जावे लागते. ‘युरेका’ नावाच्या चौकातून पुढे लाल रंगाच्या उघड्या बसगाड्या सेट दाखवत फिरवतात, त्यामुळे सेटपुरता गुडघ्यांचा प्रश्न फारसा येत नाही. पाय दुखतात ते खेळांच्या रांगांमध्ये आणि बागांमध्ये. मुलासाठी ‘फंडुस्तान’ हा स्वतंत्र भाग आहे. एकाने मुलाबरोबर तिकडे जावे आणि दुसऱ्याने वडिलांबरोबर राहावे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भडंगाची पिशवी गाडीतच राहील. संकुलातच ‘सितारा’ आणि ‘तारा’ ही हॉटेले आहेत. खर्च झेपत असेल तर एक रात्र तिथे राहून दोन दिवसांत शांतपणे पाहणे उत्तम.

करवंटीचा_टाप :

मी ध्वनी विभागात काम करतो, म्हणून फक्त चित्रीकरणाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. पर्यटकांना चालू चित्रीकरण जवळून दाखवत नाहीत, आणि त्यामागचे कारण जुने आहे. अमेरिकेत १९१५ साली युनिव्हर्सल स्टुडिओ सुरू झाला, तेव्हा २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहायला बसवत असत. मूकपटांचा काळ असल्यामुळे प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, खलनायकाला शिव्या घातल्या, तरी काही बिघडत नसे. बोलपट आले आणि एका खोकल्याने दृश्य वाया जाऊ लागले, तेव्हा ती सोय बंद झाली. त्याच स्टुडिओने १९६४ मध्ये पर्यटकांसाठी गाडीतून फेरी सुरू केली, ती मात्र काम आणि प्रेक्षक यांच्यात अंतर ठेवूनच. रामोजीतही पर्यटकांचा मार्ग वेगळा आणि चित्रीकरणाचे फ्लोअर वेगळे असतात.

त्याऐवजी ‘मूव्ही मॅजिक’ विभाग चुकवू नका. तिथे प्रेक्षकांतूनच एखाद्या बाईंना बोलावून जागेवरून न हलणाऱ्या टांग्यावर बसवतात आणि लगाम ओढण्याचा अभिनय करायला सांगतात. मग इतर प्रेक्षकांकडून आवाज करून घेतात आणि शेवटी पळत्या रस्त्याशी तो सगळा ऐवज जोडून तयार दृश्य पडद्यावर दाखवतात. आमच्या धंद्यात घोड्याच्या टापा नारळाच्या दोन करवंट्यांतून निघतात, हे माहीत असूनही मी ते दृश्य पाहताना लहान मुलासारखा हसलो होतो.

जुनी_खासबाग :

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु मूळ प्रश्न वडिलांना काय दाखवावे हा आहे, आणि त्यावर माझे मत असे की त्यांना इमारतींच्या मागच्या बाजू दाखवाव्यात. तिथल्या विमानतळाच्या इमारतीला एका बाजूने विमानतळाचे, तर दुसऱ्या बाजूने रुग्णालयाचे रूप दिलेले आहे. रेल्वे स्थानकावरची पाटी बदलली की गाव बदलते. सामान्य पर्यटक समोर उभा राहून छायाचित्र काढतो आणि बसमध्ये चढतो. आपल्या वडिलांना मात्र कोपऱ्यावर, जिथे एक शैली संपून दुसरी सुरू होते, तिथे दहा मिनिटे उभे राहू द्यावे, कारण सांधा कसा लपवला आहे हे त्यांना जेवढे कळेल तेवढे वाटाड्यालाही सांगता येणार नाही. ‘बाहुबली’साठी साबू सिरिल यांच्या कलादिग्दर्शनाखाली उभारलेला माहिष्मतीचा सेटही पर्यटकांसाठी राखून ठेवला आहे. तिथे दुरून दगड वाटणाऱ्या भागावर टिचकी मारली की आवाज पोकळ येतो.

या गोष्टीचा आपल्या गावाशी असलेला संबंध पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सापडत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सपाट रंगवलेल्या पडद्यासमोर पात्रे उभी करण्याऐवजी खोली असलेले, ज्यात माणूस आत-बाहेर जाऊ शकेल असे सेट उभारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथे ‘प्रभात’ स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. सेट बांधायचा, चित्रीकरण झाले की मोडायचा आणि त्याच फळ्यांतून पुढचा उभा करायचा, हा त्या साऱ्या स्टुडिओंचा शिरस्ता होता, कारण जागा थोडी आणि पैसा त्याहून थोडा. रामोजी राव यांनी १९९६ मध्ये नेमके उलट केले. सेट कायमचे ठेवले, निर्मात्याने पटकथा घेऊन यावे आणि पूर्ण चित्रपट घेऊन जावे अशी सर्व सोय एका कुंपणात केली, आणि उभ्या राहिलेल्या सेटची देखभाल पर्यटकांच्या तिकिटांतूनही भागू लागली. पाळण्यांना नाके मुरडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

जाण्यापूर्वी मोरेवाडीच्या माळावरची आपली चित्रनगरी त्यांना एकदा दाखवता आली तर पाहा. सुमारे ७८ एकरांची ती जागा गोरेगावच्या चित्रनगरीप्रमाणेच राज्य शासनाच्या महामंडळाकडे आहे. आत जाण्याबाबत आधी चौकशी करावी.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली :

टिचकी मारण्याचा सल्ला सुरक्षारक्षकांना रुचेलच असे नाही, एवढे फक्त नोंदवतो.

मंगळवारपेठकर :

सर्वांचे मनापासून आभार. सहल कंपनीला नकार कळवला असून सोलापूरमार्गे स्वतःच्या गाडीने जाऊन तिथे एक रात्र राहण्याचे ठरवले आहे. चारमिनार परतीच्या दिवशी जमल्यास पाहू.

वरचे प्रतिसाद काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. विमानतळाच्या मागे रुग्णालय आहे हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो पावसाळ्यात रंग टिकवायला ते काय वापरतात हा. त्यांच्या काळात फाटकाबाहेरचा सेट पहिल्या वळिवात उतरत असे आणि सकाळी सगळा दगड चुन्याच्या ओघळासारखा जमिनीवर आलेला असे. तिथल्या देखभाल विभागातल्या एखाद्या रंगाऱ्याशी पाच मिनिटे बोलता येईल का, याची कुणाला माहिती असल्यास अवश्य लिहावे. त्यांना खरे तर तेवढेच हवे आहे.