मदत हवी आहे: पोरगा जेवत नाही, व्हिटॅमिनच्या गमीची दुसरी बरणी आणू का?

वेचणीवाली
माहा पोरगा काहीच खात नाही. भाकर पाह्यली का तोंड फिरवते. वरण-भात चिवडते अन् उठते. भाजीतला सांबार (कोथिंबीर) बोटानं वेचून ताटाच्या कडेले लावून ठेवते. नणंदेनं सांगतलं म्हणून दारव्ह्याहून गमीची, म्हणजे जेलीवानी गोड गोळ्यांची बरणी आणली, ३० गोळ्यांची. आठ दिवस झाले, फरक काहीच नाही, उलट जेवण अजून कमी झालं. आता ५-६ च उरल्या. तीच आणू का कंपनी बदलू? लवकर सांगा, उद्या बाजार हाय.

संत्रावाला
वरुडहून लिहून राह्यलो. गमीले रंग संत्र्याचा, आकार फोडीचा, वास बी संत्र्याचा. मग फोडच द्या ना बाप्पा! आमच्याकडं आंबिया बहाराची तोड चालू हाय. बिया काढून द्याजा.

औषधवाला
वय किती? वजन? बरणीवर रोज किती द्यायची लिहिलंय? घटकांत लोह आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

माळकरी
त्यात जिलेटिन असते, जनावराच्या हाडा-कातड्याचं. आमच्या घरात तर दारातून आत येऊ देत नाही.

हिशेबी
सगळ्यांत नसतं. पेक्टिनच्या पण मिळतात. हिरवा ठिपका पाहून घ्यायचा.

माळकरी
ठिपक्यावर कोण भरवसा ठेवते? अन् पेक्टिन तरी कशाचं असते?

हिशेबी
फळाचं. संत्र्या-मोसंबीच्या सालीतून काढतात.

संत्रावाला
म्हणजे शेवटी संत्रंच! मी काय सांगून राह्यलो मघापासून?

वेचणीवाली
संत्र्याचं राहू द्या. वय चार होईल संक्रांतीले. बरणीवर रोज एक लिहिलं हाय, तेवढीच देतो. लोह-बिह मले समजत नाही, बारीक अक्षर हाय. बरणी आणू का नको एवढं सांगा.

हिशेबी
ताई, थांबा जरा. ३० ची बरणी, आठ दिवस, रोज एक. मग २२ उरायला पाहिजेत. तुमच्या ५-६ कशा उरल्या?

शेवगा
आमच्या पोट्ट्याले शेवग्याचा पाला बेसनात कालवून पातोडी करून दिली. पाला हाय हे त्याले आजपर्यंत माहीत नाही. पावसाळ्यात टरोट्याची भाजी बी अशीच खपवली. गमी-फिमी सोडा.

औषधवाला
शेवगा ताई, पातोडी नंतर. आधी हिशेबींच्या प्रश्नाचं उत्तर येऊ द्या.

वेचणीवाली
आत्ता विचारलं. मी दिवसभर कापसाच्या वेचणीले जातो, पोरगा सासूजवळ असते. त्या म्हणतात, "एक घास खाल्ला का एक गोई देतो, तवाच खाते." कोपऱ्यात बसून मीच पाह्यलं. घास गालात धरून बसते, गोई हातात पडली का घास कोंबड्यांपुढं थुकते. कोंबड्या बी आता जेवणाच्या वक्ताले येऊन बसतात. बरणीत ६ च निघाल्या.

हिशेबी
म्हणजे आठ दिवसांत २४. दिवसाला तीन.

औषधवाला
बरणी आधी उंच, हाताला येणार नाही अशा जागी ठेवा. सी आणि बी जास्तीचं झालं तर बहुतेक लघवीतून निघून जातं. ए आणि डी तसं जात नाही, अंगात साठतं. गमीत लोह असेल तर लहान पोराला ते जास्त धोक्याचं, म्हणून विचारत होतो. उलट्या, डोकं दुखणं, किरकिर, पोटात कळ असं काही आहे का? नसलं तरी उद्या बाजाराआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बरणी सोबत न्या, लेबल डॉक्टरांना वाचू द्या.

अंगणवाडीताई
अन् हेही सांगा त्यांना, अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचा डोस कधी झाला. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट देतो आपण, कार्डावर तारीख असते. वजन केव्हा केलं होतं? दंडाला पट्टी लावली होती का? दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषण धरतात, मग गोष्ट वेगळी. १० फेब्रुवारीला जंताची गोळी चावून खाल्ली होती का? आशाताईनं लोहाची बाटली दिली असेल, आठवड्यातून दोनदा १ मिली. ती देता का?

वेचणीवाली
उलटी-बिलटी काही नाही, आंगणात भोवरा खेळून राह्यला. जंताची गोई राह्यली, त्या दिवशी मामाच्या गावाले होता. लोहाची बाटली फळीवर हाय. दिली का शी काळी होते, म्हणून सासूनं बंद केली.

अंगणवाडीताई
लोहानं शी काळी होतेच, घाबरायचं नाही. पण आता डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

शेवगा
चहा किती वेळा पेते?

वेचणीवाली
सासूसंगं. सकाळी, दहाले, दुपारी, संध्याकाळी. बशीत ओतून, बिस्किट बुडवून. दूध दुसरं पेतच नाही.

शेवगा
घ्या! चार बशा चहा अन् बिस्किटं, वरून तीन गोड गमी. भूक कुठून लागन?

औषधवाला
शिवाय चहानं जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही.

माळकरी
चहाले नावं ठेवू नका. आमचा बुढा नव्वदीचा हाय, चहावरच जगते.

कास्तकार
वेचणीचा काय भाव देतात तिकडं, किलोमागं? आमच्याकडं मजूरच भेटून नाही राह्यले.

वेचणीवाली
जाऊन आलो. वजन १३ किलो २००, ताईनं तक्ता पाह्यला, म्हणे हिरव्या पट्ट्यातच हाय, दंड बी बरोबर. डॉक्टरनं बरणी वाचली, लोह नाही निघालं. 'अ'चा डोस ऑगस्टात झाला होता. म्हणे पोरगा खेळता हाय, गमी पूरी बंद, उलटी-बिलटी झाली तर लगेच आणा. जंताची गोई तिथंच चावायले लावली. चहा बंद म्हटलं तर सासू आजून बोलून नाही राह्यली माह्याशी. रात्री पातोडी केली, दोन खाल्ल्या, तिसरी कोंबडीले. उरलेल्या ६ गमी मायबाई फेकू कशा, पैशे मोजले हाय.

हिशेबी
फेका.

कास्तकार
ताई, वेचणीचा भाव राह्यला सांगायचा.