सुंदर कोण, हे आपल्याला कुणी शिकवलं?

परवा भाचीचा बायोडाटा लिहायला बसलो. पोरगी छान सावळी, तरतरीत. वर्णापुढे ताईने 'निमगोरी' लिहायला लावलं. सख्ख्या आईची नजर अशी का व्हावी? म्हणून नाशिककडच्या वाचकांना म्हटलं: तुमची नजर कशी घडली, ते लिहा. घरचंच लिहा. ही त्यांची उत्तरं, ज्याच्या त्याच्या भागाच्या नावाखाली.

पंचवटी
आमचं घर काळाराम मंदिराजवळ. आजी मला दर्शनाला न्यायची. काळ्या पाषाणाच्या रामाकडे बघून म्हणायची, "किती देखणं रूप!" घरी आलं की मला साय-हळद चोळायला बसायची, जरा उजळावं म्हणून. मी आठ वर्षांची असेन. विचारलं, "राम काळा चालतो, मग मी का नाही?" आजी गप्प झाली. लेप मात्र बारावीपर्यंत चालू राहिला.

निफाड
द्राक्षबागेत आम्ही बाया तोंडाला ओढणी गुंडाळून काम करतो. उन्हाचा त्रास होतोच, पण खरी धास्ती रापण्याची. माझ्या मुलीला कुणी रापलेली म्हटलं, तर मला अजून लागतं.

मेनरोड
फोटोच्या धंद्यात बावीस वर्षं झाली. "नाक मोठं दिसतंय" ही रोजची तक्रार. मोबाइल हातभर अंतरावर धरला, की नाक भिंगाच्या फार जवळ येतं आणि फुगतं. मी सहा फुटांवरून काढून दाखवतो. तरी स्वतःचा फोटो परका वाटतोच, कारण आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय. १९७७च्या एका प्रयोगात बायकांना स्वतःची आरशातली छबी जास्त आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो.

एक चूक मात्र माझी. टचिंग करताना मी न विचारता सगळ्यांना गोरं करायचो, डाग-तीळ पुसायचो. एका ताईंनी फोटो परत आणला. "हा तीळ माझ्या आईच्या गालावरही होता. आई गेली." तेव्हापासून विचारल्याशिवाय हात लावत नाही.

सिडको
माझं किराणा दुकान आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ची, २०२०मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. गिऱ्हाईक मागतं जुन्याच नावाने, आणि हल्ली मुलगेही मागतात.

गंगापूर रोड
बघायला गेलो तेव्हा हिचा पुढे आलेला दात मला खटकला होता. घरी येऊन बोललोही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात दातांचे डॉक्टर म्हणाले, तारा लावून सरळ करू. ही काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून "नको" निघालं.