भाडं थकलं म्हणून कुलूप तोडायचं?

दांडियाबाजारकर: काल एकाने लिहिलं, "स्टोरेजचं भाडं दोन महिने थकलं की कुलूप तोडा, माल विका." वाचून राहवलं नाही. वडील गेल्यावर बडोद्यातलं घर रिकामं केलं, तेव्हा त्यांचा तंबोरा आणि पुस्तकांचे सात खोके मकरपुऱ्यात स्टोरेजचं युनिट, म्हणजे भाड्याची कुलूपबंद खोली, घेऊन ठेवले. पगार अडकला, तीन महिने भाडं थकलं. तंबोरा भंगारात गेला असता तर? अमेरिकेत भाडं थकलेल्या युनिटमधल्या मालाच्या लिलावाचे राज्यवार कायदे आहेत, इथे नाहीत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 171 बँका वगैरे मोजक्यांनाच माल अडवायचा सर्वसाधारण हक्क देतं.

गोदामवाला: लिहिणारा मीच. तुमचे तीन महिने, माझ्याकडे एकाचे अकरा झालेत. फोन केला की "शेठ, सोमवारी पक्कं". माझा हप्ता पाच तारखेला जातोच ना! आणि 171 अर्धवट सांगू नका. करारात स्पष्ट लिहून घेतलं तर इतरांनाही माल अडवता येतो.

दांडियाबाजारकर: अडवता येतो. तेवढ्याने विकता येत नाही.

समावाली: भाड्याचंच बोलताय सगळे. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा माझं तळमजल्यावरचं युनिट पाण्यात होतं. शटर वर केलं तर पैठणीचा रंग गादीत उतरलेला, कपाटाचं प्लायवुड फुगून दार निघेना. आणि मालकाने त्या महिन्याचंही पूर्ण भाडं मागितलं! तेव्हापासून मी एक पैसा दिलेला नाही.

गोदामवाला: पूर काय आम्ही आणला?

समावाली: नदी वर येते हे बडोद्यात कोणाला सांगावं लागतं? त्याच कायद्याच्या कलम 151 प्रमाणे समंजस माणूस स्वतःचा माल जपेल तसा ताब्यात आलेला दुसऱ्याचा माल जपायचा असतो. तुमच्या स्वतःच्या फायली त्या दिवशी कुठल्या मजल्यावर होत्या ते सांगा.

गोदामवाला: आवाज चढवू नका, बाई. तुमचा मालक मी नाही. (फायली वर होत्या. यंदा खाली फूटभर उंच रॅक केलेत.)

वाडीचा हिशेबनीस: मूळ प्रश्नावर या. तीन महिन्यांची अनामत घ्या, यूपीआय ऑटोपे लावा, मग रजिस्टर्ड नोटीस, मग दावा. रोजचा शंभर रुपये दंड लिहाल, पण कलम 74 खाली कोर्ट वाजवी तेवढंच देईल.

गोदामवाला: दाव्याला वर्षं जातात. त्याच्या गाद्या तोवर मीच सांभाळू?

दांडियाबाजारकर: अनामत घ्या, तेवढं मान्य. तेव्हा मागितली असती तर मीही दिली असती.

गोदामवाला: बरं. कुलूप तोडत नाही. उद्या नोटीस टाकतो.