अधिवेशनाची किल्ली सरकारच्याच खिशात का?

मरीनलाइन्सकर: काल चर्चगेट–बोरिवली गाडीत वाद रंगला आणि अंधेरीला अर्धा ग्रुप उतरला, म्हणून उरलेला वाद इथे. २०१९ मध्ये ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची, मुदत तोंडावर असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सननी राणीला सल्ला देऊन ब्रिटिश संसद पाच आठवडे संस्थगित करवली, म्हणजे चालू अधिवेशनच गुंडाळलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. माझं म्हणणं, ज्याला जाब द्यायचाय त्यानेच सभागृह कधी भरेल ते ठरवायचं, हे कसं चालतं? आपल्याकडेही सही राज्यपालांची, पण ठरवतं मंत्रिमंडळच.

दादरचा खवचट: आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १७४ आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. शिवाय संस्थगित झालं तरी आपली विधेयकं बुडत नाहीत, तिकडे बहुतेक बुडतात. विलायतेला शिंक आली म्हणून आपण का काढा प्यायचा?

मरीनलाइन्सकर: जुलै २०२१ चं पावसाळी अधिवेशन विधान भवनात किती दिवस चाललं? दोन! कलम पाळलं, प्रश्न तसेच राहिले.

दादरचा खवचट: कोविड होता. लोकलमध्ये तरी घेत होते का तुम्हाला?

पार्लेकर काकू: अरे, अध्यादेशाचं, म्हणजे सभागृहाविना सरकारने काढलेल्या तात्पुरत्या कायद्याचं, कोणी बोलेल का? दोन्ही सभागृहं चालू असताना तो काढता येत नाही, खरी गोम तिथे आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डी. सी. वाधवांनी बिहारचा हिशेब मांडला होता: १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवलेले, काही तर दहा वर्षांहून जास्त. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले.

दादरचा खवचट: काकू, मग १९६८ चा पंजाबही सांगा. विधानसभेच्या अध्यक्षांनीच सभागृह दोन महिने तहकूब केलं, म्हणजे अधिवेशन चालू पण बैठक बंद, अर्थसंकल्प लटकला. राज्यपालांनी संस्थगित केलं, अध्यादेश काढला, सभागृह परत बोलावलं. सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचीच बाजू उचलून धरली. किल्ली नसती तर?

मरीनलाइन्सकर: हे झोंबलं, खरंय. पण पंजाबात बंद केलं ते लगेच उघडायला. लंडनमध्ये पाच आठवडे कशाला हवेत, याचं पटेलसं कारण सरकारला देता आलं नाही. ठेवा किल्ली, पण कारण लेखी द्या.

दादरचा खवचट: देतील की. मंत्रालयात तेवढी एक ओळ टाइप करायला किती वेळ लागतो? ‘कामकाज संपल्याने.’