मदत हवी आहे: नेटलिंकमधून कर्नल स्टॅकचे बाइट्स बाहेर जात आहेत

मंडळी, लिनक्सच्या एका नेटवर्क मॉड्यूलमध्ये केएमसॅनने (न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारे कर्नलचे साधन) कर्नल-इन्फोलीक, म्हणजे कर्नलमधला डेटा बाहेर गळणे, दाखवला आहे. गळती नेटलिंकमधून, म्हणजे कर्नल आणि युजरस्पेस (सामान्य प्रोग्राम्स) यांच्यातल्या संदेशमार्गातून होते. डम्प फंक्शन स्टॅकवर स्ट्रक्ट बनवते, एकेक फील्ड भरते आणि एनएलए_पुटने (नेटलिंक संदेशात डेटा कॉपी करणारे फंक्शन) पाठवते.

फील्डचा क्रम: स्टेट १ बाइट, आयएफइंडेक्स ४, काउंटर ८, फ्लॅग्ज २. बेरीज १५, पण ६४-बिटवर साइझऑफ (मेमरीतला एकूण आकार) २४. पाहोलमध्ये (स्ट्रक्टची मांडणी दाखवणारे टूल) स्टेटनंतर ३ आणि शेवटी ६ बाइट्सची भोके दिसतात; हे कंपायलरने सोडलेले पॅडिंग. तिथे आधीच्या फंक्शनचा उरलेला डेटा असतो. त्यात एखादा कर्नल पॉइंटर निघाला, तर केएएसएलआरचा (कर्नलचे मेमरीतले पत्ते लपवणारे संरक्षण) उपयोगच संपला. म्हणून हे किरकोळ समजून सोडायचे नाही.

फील्ड भरण्याआधी मेमसेट केला (अख्खा स्ट्रक्ट शून्याने भरला) की रिपोर्ट थांबतो. नुसत्या = {} वर भिस्त ठेवायला मन धजत नाही, कारण पॅडिंग शून्य होईलच याची हमी सी११ (सी भाषेचे मानक) देत नाही. पॅक्ड केले (भोके काढून टाकली) तर आकार १५ होईल आणि जुनी युजरस्पेस टूल्स मोडतील. एनएलए_रिझर्व्ह (संदेशात आधी जागा राखून ठेवणारे फंक्शन) वापरूनही सुटका नाही, ते पेलोड शून्य करत नाही.

प्रश्न असा: मेमसेटवर थांबावे, की भोकांच्या जागी पॅड[३] आणि पॅड२[६] अशी नावाची फील्ड टाकून स्टॅटिक_असर्टने (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) २४ पक्के करावे? दुसरा मार्ग मला जास्त टिकाऊ वाटतो, पण ३२-बिट एक्स८६ वर आजचा आकार २० आहे, तो २४ होईल. तिथली सुसंगतता कशी सांभाळता? आणि स्टेबल शाखांसाठी (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या कर्नल आवृत्त्या) फक्त मेमसेटचा छोटा पॅच वेगळा पाठवावा का?